मुंबई ते लंडन : अंतर तेच, वेळ वेगळी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा सेक्रेटरींचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. उभं आयुष्य बँकेत लेजर आणि व्हाउचर तपासण्यात गेलं. माझ्या हातून व्हायचा तो हिशेबच. ते म्हणाले, "मग हिशेबच लिहा की!" म्हणून हा हिशेब. मात्र तो रुपयांचा नाही, तासांचा आहे.

आपल्या सोसायटीत चौसष्ट फ्लॅट. परवा जिन्याने खाली उतरताना सहज मोजलं, तर अकरा घरांतली मुलं परदेशात आहेत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबई आणि लंडन. लंडनची घरं तीन, त्यात आमचंही एक. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा हीच मुलं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून काचा फोडत होती. आता त्यांच्या आईवडिलांच्या मोबाइलमध्ये दोन घड्याळं असतात, एक इथलं आणि एक तिथलं. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. हे कोष्टक आता आमच्या सौ.लासुद्धा तोंडपाठ आहे.

लंडन किती लांब, असं कुणी विचारलं की आपण "नऊ-दहा तास" असं सांगतो. किलोमीटर कुणीच सांगत नाही. पृथ्वीच्या गोळ्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला, तर ते अंतर साधारण ७,२०० किलोमीटर भरतं. शिवाजी महाराजांच्या काळात ते तेवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे. बदलली ती वाट आणि बदलला तो वेळ. तो कसा बदलत गेला, ते बघण्यासारखं आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळात मुंबईहून लंडनला जायचं म्हणजे आख्ख्या आफ्रिका खंडाला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. हा रस्ता सुमारे वीस हजार किलोमीटरचा, म्हणजे दोरा धरून मोजलेल्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट. वारा अनुकूल असला तर चार महिने, नसला तर सहा. कंपनी सरकारच्या साहेबाने इथून काही विचारणा केली, तर उत्तर हाती पडायला वर्ष जाई. आमच्या वेळी हेड ऑफिसकडून सँक्शन यायला तीन महिने लागले की आम्ही कुरकुर करायचो!

मग वाफ आली. मुंबईच्या गोदीतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३०मध्ये इथून निघाली आणि महिनाभरात सुवेझला पोहोचली. त्यातून नवी वाट खुली झाली. मुंबई ते सुवेझ आगबोट, तिथे उतरून वाळवंट ओलांडायचं, आणि पलीकडे अलेक्झांड्रियाला दुसरी बोट पकडायची. दादाभाई नौरोजी १८५५मध्ये कामा यांच्या पेढीसाठी लंडनला गेले, तेव्हा सुवेझचा कालवा खोदायला सुरुवातही झाली नव्हती. दोनच वर्षं आधी बोरीबंदरहून पहिली आगगाडी आपल्या ठाण्याला आली होती, त्या काळातली ही गोष्ट.

कालवा खुला झाला १७ नोव्हेंबर १८६९ रोजी. आता बोट बदलायची गरज उरली नाही. सागरी अंतर वीस हजारांवरून सुमारे साडेअकरा हजार किलोमीटरवर आलं. वेळ आला तीन-साडेतीन आठवड्यांवर. मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला निघाले ते ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून, आणि महिनाअखेरीस इंग्लंडला पोहोचले. पुढे १९३१ साली हेच गांधीजी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्टला 'राजपुताना' बोटीने निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये होते. ते मार्सेयला बोटीतून उतरले आणि पुढे आगगाडीने गेले. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात पंचवीस दिवसांचे पंधरा दिवस झाले.

पण माझ्या हिशेबातली खरी महत्त्वाची नोंद वेगळीच आहे. ती बोटीची नाही, तारेची आहे.

१८७० साली मुंबई ते एडन, सुवेझ आणि तिथून थेट इंग्लंडपर्यंत समुद्राच्या तळाशी तारेची केबल जोडली गेली. इथला निरोप त्याच दिवशी लंडनला पोहोचू लागला. तार येण्याआधी काय होतं? बातमी आणि माणूस एकाच बोटीने जात. पत्र घेऊन जाणारी बोट आणि माणूस घेऊन जाणारी बोट एकच. लंडनमधल्या माणसाला घरची वाईट बातमी कळेपर्यंत सगळं होऊन, दिवस-वार संपून महिने लोटलेले असत. त्याने धावत सुटावं, असं काही उरलेलंच नसे. तारेमुळे हे बदललं. बातमी त्याच दिवशी पोहोचते आणि माणसाला मात्र तीन आठवडे लागतात. दोन घड्याळं वेगवेगळी चालू लागली, बातमीचं एक आणि माणसाचं एक. लेजरच्या भाषेत सांगायचं तर दोन खात्यांत जो फरक पडला, तो आजतागायत जुळलेला नाही.

गांधीजींच्याच आयुष्यात त्याचं एक उदाहरण आहे. ते बॅरिस्टर होऊन १९ सालचे नव्हे, १८९१च्या जुलैमध्ये मुंबई बंदरात उतरले. घ्यायला थोरले भाऊ आले होते. आईला भेटण्याची केवढी ओढ मुलाला! आणि धक्क्यावर उतरल्यावर कळलं की आई केव्हाच गेली. परक्या मुलखात एकट्याला हा धक्का नको, म्हणून भावाने कळवलंच नव्हतं. वडील गेले त्याहीपेक्षा हे दुःख मोठं होतं, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवलं आहे. कॉलेजात असताना हे वाचलं, तेव्हा मला त्या भावाचा राग आला होता. तार होती, टपाल होतं, मग कळवायला नको? तो राग कसा गेला, ते पुढे सांगतो.

आता विमानाकडे येऊ. १९२९ साली इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची विमानसेवा सुरू केली. साधारण आठवड्याचा प्रवास, तोही मध्ये काही टप्पा आगगाडीने. कराचीला आलेलं टपाल पुढे मुंबईला आणायचं काम जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू केलं. एका इंजिनाचं छोटंसं 'पस मॉथ' विमान स्वतः चालवत, अहमदाबादला थांबून, ते जुहूच्या मैदानात उतरले. बघा, विमानातही आधी बातमीच आली, माणूस मागून.

माणसांची पाळी आली स्वातंत्र्यानंतर. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोहोचलं. पंधरा दिवसांचे दोन दिवस झाले. १९६०मध्ये जेट आलं, बोईंग ७०७. तेव्हापासून प्रवास तासांत मोजायला लागले.

अर्थात विमान आलं म्हणून सगळे त्यात बसले असं नाही. माझा थोरला मावसभाऊ १९६४ साली इंग्लंडला गेला तो बोटीनेच, बॅलार्ड पिअरहून. विमानाचं तिकीट परवडणारं नव्हतं. आम्ही सगळे गिरगावातून त्याला सोडायला गेलो होतो. मी बारा-तेरा वर्षांचा. बोटीवरून तो रुमाल हलवत होता आणि मावशी खाली बघत उभी होती. वर बघितलंच नाही तिने. पोहोचल्याचं पत्र आलं ते तीन आठवड्यांनी, निळ्या एरोग्रामवर. तोवर मावशी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात. सावरकरांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला उद्देशून रचलेली ती कविता आपण शाळेत ऐकतो आणि समजतो की तळमळ फक्त तिकडच्या किनाऱ्यावर असते. इकडच्या किनाऱ्यावरची मी डोळ्यांनी पाहिली आहे.

पुढे मी बँकेत लागलो. काही वर्षं फोर्टमधल्या शाखेत परकीय चलन विभागात होतो. त्या काळात परदेशी जाणाऱ्याला हातात आठ डॉलर मिळत असत, हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात. आमच्याकडे पैसे पाठवायचे दोन प्रकार. मेल ट्रान्सफर, म्हणजे एमटी, ते टपालाने जाणार. टेलिग्राफिक ट्रान्सफर, म्हणजे टीटी, ते तारेने किंवा टेलेक्सने. टीटी खरी की बनावट, हे ओळखायला गुप्त आकड्यांचा ताळा असे. तो जुळला की पैसे द्यायचे. लंडनहून निघालेले पैसे त्या काळीही दोन-तीन दिवसांत इथे जमा होत. पाठवणारा मुलगा मात्र पाच-पाच वर्षं येत नसे. काउंटरवर पैसे घ्यायला आलेली म्हातारी माणसं रकमेपेक्षा एकच प्रश्न जास्त विचारत, "सोबत काही निरोप आहे का हो?" टीटीत निरोपाला जागा नसायची.

आता आजचा हिशेब. मुंबई ते लंडन विमान थेट जातं. जाताना साडेनऊ ते दहा तास, येताना तासभर कमी. हा फरक का? तर आकाशात खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर घेतात. एकेकाळी शिडं वाऱ्यावर अवलंबून होती, आणि विमानही अजून वाऱ्याला पुरतं सुटलेलं नाही. दुसरी गोष्ट राजकारणाची. नकाशावरचा सरळ रस्ता पाकिस्तानवरून जातो. २०१९मध्ये त्यांनी काही महिने हवाई हद्द बंद ठेवली होती आणि २०२५च्या एप्रिलपासून आपल्या विमानांना ती पुन्हा बंद झाली. मग समुद्रावरून वळसा, म्हणजे जादा इंधन आणि जादा वेळ.

आणखी एक गंमत. १९६०चं जेट ताशी सुमारे नऊशे किलोमीटरने उडत असे, आणि आजचं विमानही साधारण तेवढ्याच वेगाने उडतं. साठ-पासष्ट वर्षांत वेग वाढलाच नाही. मधले थांबे गेले, तेवढीच बचत. ध्वनीपेक्षा वेगवान असं कॉनकॉर्ड आलं आणि २००३ साली निवृत्तही झालं, पण त्याची नियमित सेवा मुंबईच्या वाट्याला कधी आली नाही. आणि घरापासून घरापर्यंत धरलं, तर ठाण्याहून विमानतळ, तीन तास आधीची हजेरी, तिकडची इमिग्रेशनची रांग, सामान, मग लेकीच्या घरापर्यंत गाडी. विमान दहा तासांचं, प्रवास अठरा तासांचा. मी दोन वेळा केला आहे, घड्याळ लावून.

तरीही अठरा तास म्हणजे काहीच नाही. सहा महिन्यांच्या जागी अठरा तास! रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी रात्री लेक दारात उभी राहू शकते. याच भरवशावर आपण मुलांना जाऊ दिलं, हे कबूल करू या. लंडन लांब नाही, नऊ तासांवर तर आहे, असं मीच सौ.ला म्हणालो होतो.

तो भरवसा २०२०च्या मार्चमध्ये तुटला. आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. अंतर ७,२०० किलोमीटरच राहिलं, वेळ मात्र कुणालाच सांगता येईना.

आमच्या मजल्यावरच्या मास्तरांना तुम्ही सगळे ओळखत होता. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. निवृत्त शिक्षक, पत्नी आधीच गेलेली, एकुलता मुलगा लंडनला. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर फेऱ्या मारायचो. त्या एप्रिलमधल्या एका रात्री त्यांनी भिंतीवर काठीने ठोकलं. ती आमची ठरलेली खूण होती. मी गेलो तर छातीत कळा येत होत्या. रुग्णवाहिका आली, पण उपयोग झाला नाही. करोना नव्हता, हृदय थकलं होतं.

रात्रीचे दोन वाजले होते. लंडनमध्ये साडेनऊ. मुलाचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन हातात घेऊन बसलो आणि सव्वातीनपर्यंत तसाच बसून राहिलो. कळवून तो काय करणार? विमान नाही, रस्ता नाही. त्या परक्या गावात, बंद घरात, एकटा रात्रभर काय करेल? निदान आजची एक झोप तरी त्याला मिळू दे, सकाळी सांगू, असं वाटलं. आणि तेव्हा मला १८९१मधला तो थोरला भाऊ आठवला. कॉलेजात आलेला राग त्या रात्री गेला.

शेवटी फोन केलाच. कारण लपवणं माझ्या हातात असलं तरी माझ्या हक्कात नव्हतं. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, तुम्हीच करा सगळं. मी इथून बघतो."

सकाळी आम्ही सहाजण होतो. बी विंगमधला एक मुलगा हातात मोबाइल धरून शेवटपर्यंत उभा होता, त्याचा हात भरून आला तरी त्याने खाली घेतला नाही. तेव्हाच्या आपल्या चेअरमननी पोलीस परवानगी मिळवली. वॉचमनने खांदा दिला. अग्नी मी दिला. लंडनमध्ये तेव्हा पहाट होती. बातमीचं घड्याळ अगदी क्षणाक्षणाला जुळत होतं, समोर चाललेलं सगळं त्याला दिसत होतं. माणसाचं घड्याळ मात्र बंद पडलं होतं.

अस्थी स्मशानभूमीतल्या कपाटात नावाची चिठ्ठी लावून ठेवल्या. मुलगा आला तो नोव्हेंबरमध्ये. आधी विमान नव्हतं, मग तिकीट नव्हतं, मग विलगीकरणाचे नियम. विमानाला लागले नऊ तास. पण माझ्या लेजरमध्ये तो प्रवास सात महिन्यांचा आहे. शिडाच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून लागायचा त्याहीपेक्षा जास्त. नाशिकला रामकुंडावर आम्ही दोघं बरोबर गेलो. परतताना कसाऱ्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "काका, बाबांनी भिंतीवर ठोकलं, ते तुम्हाला लगेच ऐकू आलं?" मी म्हटलं, "लगेच." एवढंच त्याला हवं होतं.

दोनशे वर्षांच्या या हिशेबाची बाकी मी अशी काढतो. माणसाने सहा महिन्यांचे अठरा तास केले, ही मोठी कमाई आहे, तिला कमी लेखू नका. पण बातमी आणि माणूस यांच्यातला फरक शून्यावर आलेला नाही आणि येणार नाही. वारा, युद्ध, साथ, तिकीट, व्हिसा, काहीतरी मध्ये येणारच. त्या मधल्या तासांत जो उभा राहतो तो शेजारी. मुलं नऊ तासांवर असतात, शेजारी एका भिंतीपलीकडे.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात एक सूचना करतो. जन्मभर लोकांना "नॉमिनेशन भरलंत का?" असं विचारत आलो, तीच सवय. ऑफिसमध्ये एक संपर्क वही ठेवू या. प्रत्येक घराने त्यात लिहावं : मुलांचे नंबर, तिथली वेळ, इथला जवळचा नातलग, डॉक्टर, नेहमीची औषधं, आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते. रात्री-अपरात्री कुणाला आधी उठवायचं, तेही लिहावं. यात अशुभ काही नाही. कमिटीने मान्य केलं तर वही घालायचं काम मी करतो. पहिल्या पानावर आमचाच फ्लॅट असेल.

मास्तरांच्या फ्लॅटमध्ये आता नवं कुटुंब आलं आहे. त्यांची धाकटी मुलगी भिंतीवर चेंडू आपटते, दुपारची माझी झोपमोड होते. सौ. म्हणते, जाऊन सांगा. मी सांगत नाही. त्या भिंतीपलीकडून आवाज आलेला मला बरा वाटतो.

सोसायटीच्या सर्व सभासदांना, त्यांच्या इथल्या आणि दूरच्या मुलाबाळांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.